उंबऱ्याच्या आत, उंबऱ्याबाहेर

पुण्याला गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो. ‘तुम्ही दोन्हीकडे राहिलात, मग अमेरिका बरी की युरोप?’ विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा एखादा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतो आणि माक्सम्युलर भवनात जर्मनच्या पहिल्या परीक्षेची फी भरून झालेली असते, त्यामुळे उत्तर कुठलं हवंय ते चेहऱ्यावरच दिसतं. माझा नवरा अशा वेळी ‘कमवायचं अमेरिकेत, जगायचं युरोपात’ असं काहीतरी गुळगुळीत बोलून वाटीतल्या श्रीखंडाकडे वळतो. मला ते जमत नाही. मी बोलायला लागते आणि समोरच्याचा कंटाळा दिसू लागला तरी थांबत नाही. म्हणून एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

आकडे कुणालाही सापडतात. २०२३ साली अमेरिकेचा दरडोई जीडीपी ८२ हजार डॉलरच्या आसपास होता, जर्मनीचा ५४ हजारांच्या. जर्मन माणूस वर्षाला सरासरी १,३४० तास काम करतो, अमेरिकन जवळजवळ १,८००. आयुर्मान अमेरिकेत ७८, जर्मनीत ८१, स्पेनमध्ये ८४ च्या जवळ. या तीन ओळींवर कुठल्याही बाजूने रात्रभर भांडता येतं आणि लोक भांडतातही. शिवाय युरोप म्हणजे नेमकं कोण? २०२५ साली पोर्तुगालमधलं किमान वेतन महिन्याला ८७० युरो होतं आणि लक्झेंबर्गमधलं त्याच्या तिप्पट. तेव्हा मी आपली माझ्या दोन गावांबद्दल बोलते. एक डेट्रॉइटच्या बाहेरचं नोवाय, दुसरं जर्मनीतलं श्टुटगार्ट, जिथे आम्ही आता राहतो. दोन्ही मोटारींवर जगणारी. आम्ही दोघंही पिंपरी-चिंचवडच्या मोटारधंद्यात वाढलेले, त्यामुळे आम्हाला जगाच्या नकाशावर अशीच गावं दिसतात.

नोवायचं आमचं घर भाड्याचं नव्हतं, हप्त्याचं होतं. खाली तळघर, बाजूला दोन गाड्यांचं गॅरेज, कपाटाएवढा फ्रीज, त्याच्या दारातून पडणारा बर्फ, आत शिरून फिरता येईल असं कपड्यांचं कपाट. कपडे वाळवायचं यंत्र. उन्हाळ्यात घरभर गारवा, हिवाळ्यात घरभर ऊब. आई पहिल्यांदा आली तेव्हा सगळ्या खोल्या फिरून म्हणाली, ‘एवढ्यात आमच्या वाड्यातली चार बिऱ्हाडं राहिली असती आणि वर एक शिकवणीचा वर्ग.’ आणि हे घर तिथल्या मानाने काही मोठं नव्हतं. अमेरिकेत नवीन बांधलेलं मधलं घर बावीसशे चौरस फुटांच्या आसपास असतं.

मग श्टुटगार्ट. शहराच्या पश्चिम भागातली जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरमालकाने दार उघडून खोल्या दाखवल्या. लाकडी जमीन, उंच छत, सुरेख खिडक्या. मग ज्या खोलीला तो स्वयंपाकघर म्हणत होता तिथे नेलं. भिंतीतून नळाच्या दोन तोट्या बाहेर आलेल्या, खाली सिंक नाही. जमिनीलगत सांडपाण्याच्या पाइपचं तोंड, त्यात कापडाचा बोळा. छतातून दोन तारा लोंबत होत्या आणि त्यांच्या टोकांना प्लास्टिकची टोपणं. ओटा नाही, शेगडी नाही, कपाट नाही. नवऱ्याने विचारलं, किचन कुठंय? घरमालक शांतपणे म्हणाला, ते आधीच्या भाडेकरूचं होतं, तो घेऊन गेला. सुरुवातीचे आठवडे मी एका विजेच्या शेगडीवर पिठलं-भात केला आणि भांडी बाथटबमध्ये घासली. वर जिन्यात झाडू मारायची पाळी. या भागात तिला केअरवोखे म्हणतात. आपली पाळी आली की शेजारीण दारावर एक पाटी अडकवून जाते आणि ती पाटी लटकत असेपर्यंत जिना आपला. पाळी चुकवली तर ती काही बोलत नाही, पण दुसऱ्या दिवशी आपल्या ‘गुड मॉर्निंग’ला उत्तर येत नाही.

उन्हाळ्यात तिसरा मजला भट्टीसारखा तापतो. एसी लावायचा तर घरमालकाची परवानगी, इमारतीची परवानगी आणि शेवटी नाहीच. यात थट्टा नाही. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत युरोपभर सत्तर हजारांच्या आसपास माणसं दगावली. अमेरिकेतला गरिबातला गरीबही बहुधा खिडकीला एक यंत्र लावून बसलेला असतो.

तर घराच्या आत अमेरिका जिंकते, आणि चांगलीच जिंकते. प्रश्न दार उघडून बाहेर पडल्यावर सुरू होतो.

नोवायला आई चार महिने राहायला आली होती. आम्ही दोघं सकाळी सातला आपापल्या गाडीतून निघायचो आणि ती खिडकीत. पायी कुठे जायचं म्हटलं तर आमच्या वसाहतीच्या तोंडापर्यंत पदपथ होता, पुढे सहा पदरी रस्ता. पलीकडे दुकानं दिसायची, पण तो रस्ता ओलांडून पायी जाणारं माणूस मी तिथल्या सगळ्या काळात क्वचितच पाहिलं. बस नव्हती. चाळीस वर्षं पुण्यात एकटीने मंडईत जाऊन भाजी घासाघीस करून आणणारी बाई मेथीच्या जुडीसाठी शनिवारची वाट बघायची, कारण शनिवारी आम्ही तिला गाडीतून न्यायचो. तिसऱ्या महिन्यात तिने टीव्हीवरच्या मालिका बघणंही सोडलं. ‘सगळं आहे गं तुझ्याकडे,’ म्हणायची, आणि पुढचं वाक्य गिळायची.

श्टुटगार्टला ती आली तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती आणि गुडघे कुरकुरत होते. तीन जिने उतरायला तिला पंधरा मिनिटं लागायची. पण उतरली की मोकळी. मी तिला एका चिठ्ठीवर देवनागरीत ट्रामची स्टेशनं क्रमाने लिहून दिली होती: यू-दोन, कुठे बसायचं, विल्हेल्मप्लात्सला उतरायचं. आठवड्याभरात ती चिठ्ठी पर्सच्या तळाशी गेली. कान्श्टाटच्या बाजारात जायची, तिथल्या झऱ्याचं खारट, लोखंडी चवीचं फुकटचं पाणी बाटलीत भरून आणायची आणि आम्हाला सक्तीने पाजायची. तुर्की दुकानदाराशी ती मराठीत आणि तो तिच्याशी तुर्कीत बोलायचा. कोथिंबिरीची जुडी मात्र ती बरोबर निवडून आणायची.

अमेरिकेतली सुबत्ता उंबऱ्याच्या आत साठते आणि इकडची उंबऱ्याबाहेर, हे मला आईकडे बघून कळलं. दरडोई उत्पन्नात माझं तळघर मोजलं जातं. आईला एकटीला घराबाहेर पडता येणं कुठल्याच रकान्यात येत नाही.

अर्थात हे सूत्र सगळीकडे बसत नाही. नोवायच्या सार्वजनिक ग्रंथालयासारखं ग्रंथालय मला श्टुटगार्टच्या कुठल्या उपनगरात सापडलेलं नाही. आणि १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा झाल्यापासून अमेरिकेत दुकान, शाळा, कचेरी, जिथे जाल तिथे उतार, लिफ्ट, रुंद दार. आईला तिथे गाडीतून उतरवल्यावर पुढे एकही पायरी लागली नाही. इकडे ट्रामपर्यंत सगळं सोपं, पण डॉक्टरचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टचं नाव नाही.

आता वेळेबद्दल. आपल्याकडे एक समज आहे की युरोपियन माणूस मुळातच आरामशीर आणि अमेरिकन मुळातच कष्टाळू. हे साफ खोटं आहे. १९७० च्या सुमारास जर्मन आणि फ्रेंच कामगार अमेरिकन कामगाराइतकेच तास राबत होता, थोडे जास्तच म्हणा. नंतरच्या काळात इकडचे तास उतरत गेले आणि तिकडचे जवळपास तिथेच राहिले. का, यावर अर्थतज्ज्ञ वीस वर्षं भांडताहेत. नोबेल मिळालेले एडवर्ड प्रेस्कॉट म्हणाले, कर जास्त म्हणून लोक काम कमी करतात. ऑलिव्हिए ब्लांशार यांचं म्हणणं असं की उत्पादकता वाढली तिचा काही भाग युरोपियनांनी पैशात न घेता फुरसतीत घेतला. अल्बेर्तो अलेसिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोट ठेवलं ते कामगार संघटनांवर आणि कायद्यांवर.

मी तिसऱ्या बाजूची. १९५६ साली जर्मन कामगार संघटनांच्या महासंघाने मे दिनाला एक पोस्टर काढलं. त्यावर लहान मुलाच्या तोंडी वाक्य होतं, ‘शनिवारी बाबा माझा.’ तोवर इथेही कारखाने सहा दिवस चालत. १९८४ साली धातुउद्योगातल्या कामगारांनी ३५ तासांच्या आठवड्यासाठी आठवडेच्या आठवडे संप केला, श्टुटगार्टचा परिसर त्यात आघाडीवर होता, आणि पूर्ण ३५ तास पदरात पडायला १९९५ उजाडलं. आज आमच्या कचेरीत शुक्रवारी दुपारी दोनला पार्किंग रिकामं होतं ते स्वभावामुळे नाही. कुणीतरी त्यासाठी पगार बुडवून गेटबाहेर उभं राहिलेलं आहे.

आणि सुट्टी ही एकट्याने घ्यायची गोष्टच नव्हे, हेही इथे समजलं. नोवायला माझ्याकडे कागदावर तीन आठवडे रजा होती. सलग दोन आठवडे घेताना मात्र जीव दडपायचा, कारण माझा वरिष्ठ घेत नसे, आणि तो घेत नसे कारण त्याचा वरिष्ठ घेत नसे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात पगारी सुट्टी एक दिवसाचीही नाही. जी आहे ती मालकाची कृपा. युरोपीय संघात किमान चार आठवडे कायद्याने, आणि आमच्यासारख्या उद्योगांत सहा. इकडे ऑगस्टात ईमेल पाठवलं की समोरून आपोआप उत्तर येतं, मी महिनाअखेर भेटेन, आणि कुणाचंही काही अडत नाही. मध्यंतरी सुट्टीत नवऱ्याला सडकून ताप आला. डॉक्टरचं सर्टिफिकेट कचेरीत दिलं आणि तेवढे दिवस त्याच्या रजेच्या खात्यात परत जमा झाले; तसा कायदाच आहे. नोवायच्या मैत्रिणीला हे फोनवर सांगितलं तर तिला वाटलं मी थापा मारतेय. तिच्याकडे रजेचं एकच खातं, ताप आणि गोवा दोन्ही त्यातूनच.

आजारपणाबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी सगळं ऐकलेलं आहे. माझी मोठी मुलगी मिशिगनमध्ये झाली, धाकटी इकडे. मोठीच्या वेळी विमा उत्तम होता, हॉस्पिटल उत्तम होतं, नर्सेस तर देवमाणसं. नंतर पाकिटं येऊ लागली. हॉस्पिटलचं वेगळं, भूलतज्ज्ञाचं वेगळं, प्रयोगशाळेचं वेगळं. विमा कंपनीकडून येणाऱ्या कागदावर हजारो डॉलरचे आकडे आणि वर ठळक अक्षरात ‘हे बिल नाही’. मग खरं बिल यायचं, ते तिसऱ्याच आकड्याचं. मुलगी उपडी पडायला लागली तरी पाकिटं चालूच. नोकरीशी विमा जोडण्याची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धातली आहे. सरकारने पगारवाढ गोठवली तेव्हा माणसं टिकवायला मालकांनी विमा देऊ केला, आणि तो तसाच चिकटून राहिला. जर्मनीत आजारपणाचा विमा बिस्मार्कने १८८३ मध्येच कायद्याने आणला होता. धाकटीच्या वेळी मला एकही पाकीट आलं नाही; उलट बाळंतपणानंतर सुईण घरी यायची, बाळाचं वजन करायची, माझी विचारपूस करायची. आईला तर आपल्याच गावात आल्यासारखं वाटलं. तेही सगळं विम्यातून. फक्त त्वचेच्या डॉक्टरची वेळ मागायला फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, विमा खासगी की सरकारी? सरकारी म्हटलं की तीन महिन्यांनंतरची तारीख. नोवायला मी चौथ्या दिवशी तपासून घ्यायचे.

आणि पगार? तिकडे दोघांना मिळत होता त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त इकडे हातात येतो. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख मारिओ द्रागी यांच्या २०२४ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय, २००० पासून अमेरिकेत माणशी खर्चायला उरणारं उत्पन्न युरोपीय संघाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने वाढलं. आपण मराठी माणसं अमेरिका पाहतो तीही वरच्या टोकाकडून. भारतीय वंशाच्या कुटुंबाचं मधलं उत्पन्न तिथे दीड लाख डॉलरच्या घरात आहे, एकूण अमेरिकन कुटुंबाचं त्याच्या निम्मं. केंद्रीय किमान वेतन मात्र २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर थिजलेलं.

माणसांच्या बाबतीत अमेरिका फारच उजवी. नोवायला सामान उतरवत होतो तोवर शेजारीण केक घेऊन दारात. दुसऱ्या वर्षी मी ‘त्यांच्यातली’ झाले होते, माझ्या उच्चारांसकट. श्टुटगार्टमध्ये एवढी वर्षं काढून, जर्मनमध्ये स्वप्नं पडायला लागून, अजून लोक विचारतात, मूळच्या कुठल्या? पण अमेरिकेचा कायदा त्या शेजारणीसारखा नव्हता. ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची. आम्ही त्या रांगेला कंटाळून निघालो, नाहीतर कदाचित तिथेच असतो.

ती रांग किती कच्च्या दोरीला बांधलेली असते हे २००९ ने दाखवलं होतं. एप्रिलअखेर क्राइस्लर दिवाळखोरीत गेली, एक जूनला जनरल मोटर्स. मिशिगनमधली बेकारी चौदा टक्क्यांवर. आमच्या गल्लीत घरांवर जप्तीच्या पाट्या लागल्या; ज्यांच्या नाहीत त्यांची घरं कर्जापेक्षा स्वस्त झालेली. मराठी मंडळातल्या एका जोडप्यातल्या नवऱ्याला शुक्रवारी दुपारी खोलीत बोलावलं आणि तासाभरात तो पुठ्ठ्याचं खोकं घेऊन पार्किंगमध्ये उभा होता. तेव्हा एच-वन व्हिसावर काम करणाऱ्यांना साठ दिवसांची सवलतही नव्हती, ती २०१७ मध्ये आली. नोकरी गेली की त्याच दिवशी हक्क संपला. त्यांनी आठवड्यात गाड्या विकल्या, सोफा आमच्या तळघरात ठेवला आणि पुण्याचं विमान धरलं. तो सोफा आम्ही शेवटी देऊन टाकला.

त्याच वर्षी जर्मनीची अर्थव्यवस्था अमेरिकेपेक्षा जास्त आपटली होती, पाच टक्क्यांहून अधिक. बेकारी मात्र फारशी वाढलीच नाही. कारखान्यांनी माणसं काढण्याऐवजी तास कापले आणि कापलेल्या पगाराचा मोठा हिस्सा सरकारी निधीने भरून दिला. २००९ च्या मध्याला चौदा लाखांच्या आसपास लोक या योजनेत होते. इकडे आल्यावर सहकाऱ्यांना त्या वर्षाबद्दल विचारलं तर एकजण म्हणाला, हो, आठवतंय, तेव्हा मी बाल्कनीला रंग दिला.

आता श्टुटगार्टची पाळी आहे. विजेच्या गाड्या, चिनी स्पर्धा, बाकी सगळं वर्तमानपत्रात येतंच. सप्टेंबर २०२५ मध्ये बॉशने आणखी १३,००० नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. चॅन्सेलर मेर्त्स म्हणतात की चार दिवसांचा आठवडा मागत बसलो तर ही सुबत्ता टिकणार नाही. आमच्या कंपनीतही याद्यांची भाषा सुरू झालीय. पण इथे शुक्रवारी दुपारी खोकं मिळत नाही. बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेलं मंडळ, व्यवस्थापनासमोर बसतं, आणि कुणाला काढायचं हे ठरवायला कायद्याचे चार निकष आहेत: किती वर्षं नोकरी, वय किती, पोसायची माणसं किती, अपंगत्व आहे का. काम कोण चांगलं करतं हे त्यात नाही. मोजक्या माणसांपुरते अपवाद आहेत, पण तेवढेच.

या हिशेबात मी सुरक्षित. वय आहे, वर्षं आहेत, दोन मुली आहेत. आणि आमच्या गटातला सगळ्यात हुशार मुलगा, निगडीचा, सव्वीस वर्षांचा, एकटा, ब्लू कार्डवर, म्हणजे इकडच्या नोकरीच्या परवान्यावर, आलेला, यादीत सगळ्यात वर. जिन्याची पाळी चोख करणाऱ्या या समाजात उशिरा आलेल्याला शेवटची खुर्ची मिळते, आणि खुर्च्या कमी झाल्या की पहिली तीच उचलतात. अमेरिकेत त्याचं काम बघून कदाचित ठेवला असता. कदाचित. कारण त्याच सप्टेंबर २०२५ मध्ये तिकडे नव्या एच-वनसाठी बाहेरून येणाऱ्याच्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं.

परवा कँटीनमध्ये त्याने विचारलंच, ‘ताई, काय करू? तिकडे बघू का?’

मी त्याला जर्मनची बी-वन पातळीची परीक्षा आधी दे म्हणून सांगितलं. ब्लू कार्डवाल्याला तेवढी भाषा आली की एकवीस महिन्यांत कायमचा परवाना मिळतो, मग नोकरी गेली तरी देश सोडावा लागत नाही. तो आता मंगळवारी आणि गुरुवारी वर्गाला जातो. एकवीस व्हायला त्याचे चार महिने उरलेत. आमच्या बेट्रीब्सराटच्या बाईंना मी त्याचं नाव न घेता विचारलं, वाटाघाटी केव्हा संपतील? त्या म्हणाल्या, ‘लांबवता येतील तेवढ्या लांबवणं हेच तर माझं काम आहे.’